पोळी विकत, भाजी घरची : पुण्यात एकट्याने राहून घरचं जेवण कसं जमवावं

बार्शीहून पुण्यात आलो तेव्हा कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहत होतो. खोलीत चार कॉट, एक खिडकी, स्वयंपाकाला परवानगी नाही. दोन वर्षं मेसचा डबा खाल्ला. दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये सकाळी उठल्या उठल्या छातीत जळजळ आणि दुपारी पोट फुगलेलं, असं महिनाभर चाललं. शेवटी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली आणि गोळ्या लिहायच्या आधी विचारलं, "जेवतोस कुठे?" मेसचं सांगितलं. ते म्हणाले, "आज भाजीची वाटी जरा तिरकी करून ठेव आणि बघ."

त्या रात्री बटाट्याच्या भाजीची वाटी डब्याच्या झाकणावर तिरकी टेकवली. पाच मिनिटांत कडेला तांबडं तेल साचलं. चमच्याने काढलं तर तीन चमचे निघाले. डब्यातल्या पोळ्या मात्र साध्या होत्या, जाडसर आणि कोरड्या, पण त्यांच्यात वावगं काही नव्हतं. बाहेरच्या जेवणाने आपण पोळीमुळे आजारी पडत नाही, भाजीमुळे पडतो, हे त्या वाटीने मला दाखवलं. पुढची सगळी व्यवस्था मी त्यावरच बसवली.

पुण्यात एकटं राहून घरचं खायचं ठरवलं की बहुतेक जण सुरुवात पोळ्यांपासून करतात. कणीक मळा, लाटा, भाजा, मग ओटा पुसा. ऑफिसातून दमून आलेल्या माणसाला ते आठ दिवसांवर झेपत नाही आणि नवव्या दिवशी मोबाइलवरून जेवण मागवलं जातं. माझं सांगणं उलटं आहे. पोळ्या खुशाल विकत घ्या. वरण, भाजी, उसळ, कोशिंबीर मात्र घरी करा. पोळीला वेळ आणि हात दोन्ही लागतात, आणि विकतच्या पोळीत बिघडण्यासारखं फारसं नसतं. भाजीला वीस मिनिटं पुरतात, आणि तेल, तिखट, मीठ आपल्या हातात राहतं.

या शहराला बाहेरगावच्या मुलांना जेवू घालायची जुनी सवय आहे. एकेकाळी इथे शिकायला आलेली गरीब मुलं वार लावून जेवायची. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. काही जण माधुकरी मागायचे. पुढे खाणावळी आल्या, मेस आल्या, आणि आता जवळपास प्रत्येक चौकात पोळी-भाजी केंद्र आहे. या सोयी वापरण्यात कमीपणा नाही. त्यातलं काय घ्यायचं आणि काय घरी करायचं, एवढंच ठरवायचं आहे.

खोली घेतानाच ओटा बघा

खोली किंवा फ्लॅट घेताना भाडं, पार्किंग आणि वायफाय यांच्याबरोबरच घरमालकांना स्पष्ट विचारा, "काका, स्वयंपाक केलेला चालेल ना?" नंतर विचारलं की वाद होतात. गॅसची पाइपलाइन असेल तर उत्तम. नसेल तर गॅस एजन्सीत ५ किलोचा लहान सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, त्याला स्थानिक पत्त्याचा पुरावा लागत नाही. रस्त्यावर लहान टाक्या भरून देतात तो प्रकार मात्र करू नका, त्यात जिवाला धोका आहे.

गॅस चालत नसेल तर इंडक्शन घ्या, पण आधी वायरिंग बघा. ही शेगडी साधारण १२०० ते २००० वॅट ओढते. ती १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच लावा, एक्स्टेंशन बोर्डावर नाही. इंडक्शनवर अॅल्युमिनियमचा साधा कुकर चालत नाही. भांडं घेताना खिशात लोहचुंबक ठेवा. बुडाला चिकटला तर भांडं चालेल.

भांडी थोडीच घ्या. एक ५ लिटरचा कुकर आणि त्यात एकावर एक बसणारी दोन भांडी, एक लोखंडी कढई, एक तवा, फोडणीची पळी, पकड, विळी किंवा सुरी, चाळणी, मिसळणाचा डबा. तुळशीबागेत किंवा रविवार पेठेत एका फेरीत सगळं मिळतं. लोखंडी कढईत टोमॅटो किंवा चिंच घातलेली भाजी शिजवून तशीच ठेवू नका. भाजी काळी पडते आणि धातूची चव येते. झाली की दुसऱ्या भांड्यात काढा, कढई घासून कोरडी करा आणि तेलाचा हात फिरवून ठेवा.

पाणी

पुण्याला पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतून येतं. पण नळाला येणारं पाणी सगळीकडे सारखं नसतं. शहरालगतच्या भागांत बऱ्याच सोसायट्या टँकरवर किंवा बोअरवर चालतात. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, किरकटवाडी, धायरी या भागांत जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, हातापायांतली ताकद जाणारा मज्जातंतूंचा आजार) रुग्ण एकदम वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला होता. तो दूषित पाण्यातून आणि नीट न शिजलेल्या अन्नातून पोटात जातो. त्यामुळे फिल्टर नसेल तर पाणी खळखळून उकळी येईपर्यंत तापवा, झाकून गार करा आणि ओगराळ्याने काढा. भांड्यात हात बुडवून पेला भरू नका. कोशिंबिरीची काकडी आणि कोथिंबीरही याच पाण्याने धुवायची.

किराणा

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं नव्याने काढली. त्यातल्या २००० कॅलरीच्या नमुना ताटात दिवसाला साधारण २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं, ३०० मिली दूध किंवा दही, ३५ ग्रॅम दाणे-बिया आणि २७ ग्रॅम तेल-तूप आहे. धान्य आणि डाळीचं वजन कच्च्याचं धरलेलं असतं. रोज वजनकाटा घेऊन बसायची गरज नाही, पण या आकड्यांवरून महिन्याचा किराणा काढता येतो, आणि मी तो तसाच काढतो.

डाळ-कडधान्यं ८५ ग्रॅम म्हणजे महिन्याला अडीच किलो. त्यात एक किलो तूर, अर्धा किलो मूगडाळ, अर्धा किलो मटकी, बाकी हरभरा, चवळी किंवा मसूर. हे वाचून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटेल, कारण एकटा राहणारा माणूस महिन्याला किलोभर डाळसुद्धा खात नाही. पोळीवर पोळी आणि भातावर भात खाऊन पोट भरतं, पण दोन तासांनी पुन्हा भूक लागते ती याचमुळे.

तेल २७ ग्रॅम म्हणजे महिन्याला माणशी साधारण ९०० मिली. चार जण मिळून राहत असाल तर सगळ्यांचं मिळून साडेतीन लिटर. तेलाची पिशवी फोडली की तिच्यावर मार्करने तारीख लिहा. चौघांत ५ लिटरचा डबा तीन आठवड्यांत संपत असेल तर कुठे काय चुकतंय ते कुणी सांगायला नको. मिठाचंही तसंच. दिवसाला ५ ग्रॅम म्हणजे माणशी महिन्याला १५० ग्रॅम. एक किलोची पिशवी चौघांना दीड महिना पुरायला हवी. लोणचं, पापड, फरसाण यांतलं मीठ वेगळंच, म्हणून ती ताटात रोज नकोत.

तांदूळ घ्यायचा तर मावळातला इंद्रायणी घ्या. शिजताना चिकट होतो, पण वरणाबरोबर त्याला जोड नाही. मुळशीकडचा आंबेमोहोर महाग पडतो, तो सणावारी. ज्वारी मात्र मी घरून आणतो. मालदांडीची भाकरी खात मोठा झालेल्या माणसाला दुसरी चालत नाही. मंगळवेढ्याची ज्वारी पुण्यात बऱ्याच दुकानांत मिळते. पीठ एका वेळी किलो-दीड किलोच दळून आणा. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना चिरते. लोक स्वतःच्या हाताला दोष देतात, चूक पिठाची असते.

मसाल्यात घाई करू नका. घरचा मसाला आणा, मग तो तुमच्याकडचा काळा मसाला असो, काळं तिखट असो, येसर असो की कांदा-लसूण मसाला. पुण्यात सगळीकडे गोडा मसाला मिळतो आणि आमटीला तो छानच लागतो, पण परक्या गावात आपल्या घरची चव येते ती घरच्या मसाल्यामुळे. माझी आई वर्षाचं काळं तिखट दोन बरण्यांत भरते, एक तिची आणि एक माझी.

पोळ्यांची सोय

घराजवळची दोन-तीन पोळी-भाजी केंद्रं पायी फिरून बघा. संध्याकाळी सात ते आठच्या सुमाराला जा, तेव्हा पोळ्या तव्यावरून उतरत असतात. मैदा मिसळलेली पोळी गार झाल्यावर चामड्यासारखी ओढली जाते, निव्वळ कणकेची पोळी सहज तुटते. एक पोळी घेऊन तासाभराने तोडून बघा. घडीची पोळी हवी की फुलका ते सांगा, आणि वरून तेल लावू नका असंही सांगा. रोजचं गिऱ्हाईक झालात की त्या मावशी आपणहून विचारतात, "आज तीनच का?"

सकाळच्या डब्याच्या पोळ्या आदल्या रात्री आणल्या तरी चालतात. सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा आणि सकाळी तव्यावर नुसत्या शेकून घ्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत गरम पोळ्या ठेवल्या की त्यांना पाणी सुटतं आणि पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी वास येतो.

रविवारी मात्र भाकरी स्वतः करून बघा. पाणी उकळून त्यात पीठ घाला, झाकण ठेवून दोन मिनिटं थांबा आणि मग मळा. अशी उकड काढली की शिकाऊ हातालाही भाकरी थापता येते. पहिल्या पाच-सहा भाकऱ्या वेड्यावाकड्या होतील. पिठल्याबरोबर त्याही तितक्याच चांगल्या लागतात.

भाजी कुठून आणि कशी

महात्मा फुले मंडईची दगडी इमारत १८८६ ची. तिथे एकदा तरी सकाळी जा, नुसतं बघायला. सप्टेंबर २०२४ पासून मेट्रोचं मंडई स्थानक सुरू झालंय, त्यामुळे पिंपरी किंवा शिवाजीनगरकडून थेट उतरता येतं. पण दर आठवड्याला तिथे जायची गरज नाही. बऱ्याच भागांत शेतकऱ्यांचे आठवडे बाजार भरतात. तुमच्या भागात तो कोणत्या वारी असतो ते शेजारच्या काकूंना विचारा.

एका माणसाला आठवड्याला साधारण पावणेतीन ते तीन किलो भाजी लागते. मी ती दोनदा आणतो. रविवारी पालेभाज्या आणि कोवळ्या भाज्या, गुरुवारी टिकाऊ. पालेभाज्या सोमवार-मंगळवारपर्यंत संपवायच्या, मग भेंडी-गवार-दोडका, आठवड्याच्या शेवटी भोपळा-कोबी-गाजर. हा क्रम पाळला की फ्रिजमध्ये काळी पडलेली मेथी सापडत नाही.

मेथीची जुडी (आमच्याकडे पेंडी म्हणतात) घरी आणली की त्याच संध्याकाळी निवडा. धुऊ नका. मुळं काढून सुती पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. वर्तमानपत्रात गुंडाळायची बऱ्याच घरांत पद्धत आहे, पण छपाईची शाई भाजीला लागते, म्हणून कापडच बरं. मेथी आणि शेपू यांच्या पलीकडेही बघा. चाकवत, चुका, अंबाडी, माठ, राजगिरा, घोळ, करडई, सगळं पुण्यात मिळतं. कशी करायची ते विकणाऱ्या मावशींना विचारा. मला चाकवताची ताकातली भाजी वारज्याच्या बाजारात एका मावशींनीच शिकवली, पाठीमागे गिऱ्हाईक उभं असताना. म्हणाल्या, "बेसन ताकातच कालव, नंतर टाकशील तर गुठळ्या होतील."

पावसाळ्यात पालेभाजी चिखलाने भरलेली येते आणि लवकर सडते. तेव्हा दोडका, पडवळ, घोसाळं, दुधी आणि कडधान्यांवर भर द्या. त्याच दिवसांत पुरंदरचा मटार येतो. निवडायला वेळ नसेल तर निवडलेली भाजी, सोललेला लसूण आणि मोड आलेली कडधान्यं कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात. ती घेताना वास घ्या. मोडांना आंबूस वास असेल तर सोडून द्या.

चार गोष्टी शिकून घ्या

पन्नास पाककृती नकोत. कुकर, फोडणी, पालेभाजी, उसळ. एवढ्यावर महिना निघतो.

कुकर. अर्धी वाटी तूरडाळ दोनदा धुऊन त्यात दीड वाटी पाणी, चिमूट हळद, हिंग आणि तेलाचे चार थेंब. एक वाटी इंद्रायणी धुऊन त्यात सव्वादोन ते अडीच वाट्या पाणी. कुकरच्या तळाशी दोन पेले पाणी, खाली डाळ, वर भात. डाळीला आच जास्त लागते म्हणून ती खाली. चार शिट्ट्या, मग बारीक आचेवर पाच मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या. डाळ अर्धा तास आधी भिजवली असेल तर अगदी लोण्यासारखी शिजते, पळीनेच घोटता येते. मीठ, गूळ आणि दोन आमसुलं घालून उकळलं की वरण झालं. हे दोघांना पुरतं, किंवा एकट्याला दोन वेळा.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची. उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. सकाळी त्याचा फोडणीचा भात करायची आपली पद्धत आहे, पण भातातल्या बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात बाहेर राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, ते पुन्हा गरम करूनही जात नाही. शिजल्यापासून दोन तासांच्या आत भात उथळ डब्यात पसरून फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिज नसेल तर मोजकाच लावा.

फोडणी. ही मी फोनवर शिकलो. पहिल्यांदा मोहरी टाकली आणि लगेच जिरं टाकायला गेलो तर आई म्हणाली, "थांब, फोन कढईजवळ धर." मी धरला. "अजून तडतडली नाही. थांब." दोन-चार दाणे उडाले. "आता नाही, सगळी उडू दे." मग एकदम पावसासारखा आवाज आला आणि ती तिकडून म्हणाली, "हं, आता जिरं." जिरं फुललं की हिंग, मग कढीपत्ता-मिरची, आच बारीक करून हळद, आणि लगेच भाजी किंवा वरण. हळद जळली की कडू होते, म्हणून ती शेवटी. एका माणसाच्या भाजीला दोन छोटे चमचे तेल पुरतं. मोहरी नीट तडतडली तर तेवढ्यातही वास दारापर्यंत जातो. तेल कमी पडलंय असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा तेल तापलेलं नसतं.

पालेभाजी. निवडलेली पानं परातीत भरपूर पाण्यात बुडवा आणि दोन्ही हातांनी वर उचलून घ्या. पाणी ओतून देऊ नका, कारण माती तळाशी बसलेली असते, ती पुन्हा पानांवर येते. असं तीनदा. धुऊन मग चिरा. फोडणीत ठेचलेला लसूण आणि मिरची, मग पाऊण तास भिजवलेली मूठभर मूगडाळ, तिला दोन मिनिटं परता, त्यावर मेथी. झाकण न ठेवता शिजवा म्हणजे हिरवी राहते. मीठ भाजी बसल्यावर घाला. जुडी कढईत डोंगराएवढी दिसते आणि शिजून मूठभर होते, आधी मीठ घातलं की हमखास खारट होते. वरून दाण्याचं कूट.

उसळ. मटकी रात्री आठ तास भिजवा, सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधा. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड येतात. पुण्याच्या थंडीत पूर्ण दिवस लागतो, तेव्हा पुरचुंडी डब्यात घालून पिठाच्या डब्यांमागे उबेला ठेवा. मोड आलेली मटकी फ्रिजमध्ये तीन-चार दिवस चांगली राहते. हीच वेगवेगळ्या रूपांत येते. एक दिवस उसळ, एक दिवस कांदा-लिंबू घालून सकाळी नाश्त्याला, एक दिवस भातात. कच्ची खाऊ नका, निदान पाच-सात मिनिटं वाफवा.

अंडी खात असाल तर फारच सोपं आहे. दोन अंडी, कांदा, टोमॅटो, तीन पोळ्या आणि काकडी, दहा मिनिटांत ताट तयार.

सकाळचा डबा

हिंजवडी किंवा खराडीला जाणाऱ्याला सकाळी साडेसातला निघावं लागतं. तेव्हा सगळं अवलंबून असतं रात्रीच्या पंधरा मिनिटांवर. जेवण झालं की भांडी घासून टाका, भाजी चिरून डब्यात ठेवा, डाळ किंवा कडधान्य भिजत घाला, डबा धुऊन पालथा ठेवा. भांडी रात्री राहिली तर सकाळचा स्वयंपाक होत नाही, हे मी अनेकदा अनुभवलंय. एकदा ओटा घाणेरडा राहिला की पुढचे तीन दिवस जेवण बाहेरून येतं.

डब्याला सुक्या भाज्या न्या. भेंडी, गवार, कोबी, फरसबी, सुकी मटकी. वरण न्यायचं तर घट्ट, स्टीलच्या स्क्रूच्या डब्यात. गरम पदार्थ प्लॅस्टिकच्या डब्यात भरू नका. दह्याची वाटी वेगळी. एक फळ रोज, केळं असलं तरी चालेल. चार वाजता सगळे समोसा आणायला निघतात, तेव्हा मुठीत भाजलेले शेंगदाणे आणि गूळ असला की मन तितकं ओढ घेत नाही.

स्वयंपाकाला मावशी लावताना

तीन-चार जण मिळून राहत असाल तर मावशी ठेवणं परवडतं, आणि पोळ्यांचाही प्रश्न सुटतो. पण पहिल्याच दिवशी नीट बोला. तेल किती, तिखट किती, आठवड्यात किती वेळा कडधान्य, हे कागदावर लिहून भिंतीवर लावा. त्यांना वाटतं मुलांना चमचमीत आवडतं, म्हणून त्या तेल सोडतात, "मावशी, आम्हाला तुमच्या घरी करता तशीच भाजी चालेल" एवढं म्हटलं की फरक पडतो. सामान आदल्या रात्री काढून ठेवा. पगार तारखेला द्या आणि महिन्यातून ठरलेल्या सुट्या ठरलेल्याच द्या. त्यांच्या घरी सण असेल त्या दिवशी तुम्ही कुकर लावा.

स्वयंपाक करताच येत नसेल तर

पीजीत शेगडीच चालत नाही, अशी अडचण अनेक मुलींची आहे. मग मेस निवडण्यात वेळ घाला. महिन्याचे पैसे भरायच्या आधी तीन दिवस रोजचे पैसे देऊन जेवा. वाटी तिरकी करून बघा. आठवड्यात बटाटा किती वेळा येतो, पालेभाजी येते का, वरणाला दाटपणा डाळीचा आहे की बेसनाचा, ते बघा. स्वयंपाकघर दाखवा म्हणा, चांगली मेस चालवणारे आनंदाने दाखवतात. अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक लावलेला असतो, तो विचारा. बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात, त्या जेवणाची सोय आधी करा.

बऱ्याच घरगुती डबेवाल्या काकू सांगितलं तर वेगळा डबा देतात. भाजी कमी तेलाची, बटाट्याऐवजी उसळ. विचारायला संकोच करू नका. आणि खोलीत शेगडी न लागणारं थोडं ठेवा. काकडी, गाजर, टोमॅटो, दही, दाणे, फळं. मेसच्या ताटात रोज एवढं वाढून घेतलं तरी जेवण बदलतं. मेसमध्येच राहिलो असतो तर मीही हेच केलं असतं.

दमून आलेल्या रात्री

अशी रात्र आठवड्यात एकदा येतेच, तिची तयारी आधी हवी. बेसन एक वाटी, पाणी तीन वाट्या. फोडणीत कांदा, लसूण, मिरची, त्यात पाणी उकळून मीठ घाला आणि पाण्यात कालवलेलं बेसन एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने ढवळा. झाकून पाच मिनिटं. पिठलं पंधरा मिनिटांत होतं. किंवा मूगडाळ-तांदळाची खिचडी, त्यात हाताला लागेल ती भाजी.

तेवढंही होणार नसेल तेव्हा मी डब्यातली कडक भाकरी काढतो. सोलापूरकडे ती महिनाभर टिकेल अशी वाळवून करतात. आई जुन्या डालड्याच्या डब्यात भरून, बरोबर शेंगाची चटणी देऊन बसमधून पाठवते. स्वारगेटला जाऊन कंडक्टरकडून डबा घ्यायचा. भाकरी कुस्करून गरम दुधात किंवा सकाळच्या वरणात भिजवली की पाच मिनिटांत मऊ होते. रिकामा डबा मी तसा परत पाठवत नाही. गेल्या महिन्यात त्यातून दोन किलो आंबेमोहोर पाठवला. आईने भात लावल्यावर फोन केला आणि म्हणाली, वास शेजारच्या वाड्यात गेलाय.